पोमेरेनियन की शित्झू: घरात कोण काय सांभाळणार, त्यावर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लॅटमध्ये राहणारं चौघांचं कुटुंब. नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगा सहा वर्षांचा, सासूबाई दिवसभर घरी असतात पण त्यांचे गुडघे दुखतात. आधी कधी कुत्रा पाळलेला नाही. मोठी जात नको यावर एकमत आहे. मुलाला पोमेरेनियन हवाय, त्याच्या आईला शित्झू आवडलाय, आणि दोन्ही जातींबद्दल वाचायला गेलं की ‘प्रेमळ, हुशार, फ्लॅटसाठी उत्तम’ एवढंच हाती लागतं. मग निवडायचं कशावरून?

गुणांवरून निवडू नका. गुण दोघांतही आहेत आणि पिल्लू घरी आलं की आठवड्याभरात सगळे त्याच्या प्रेमात पडणार, ते कुठल्याही जातीचं असो. मी पशुवैद्य आहे, लहान जातींची कुत्री तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि माझ्या टेबलावर या दोन जाती वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात. पॉमचे, म्हणजे पोमेरेनियनचे, पालक येतात ते सरकलेला गुडघा, मोडलेला पाय, जुना खोकला घेऊन, आणि जाता जाता ‘हा फार भुंकतो हो, शेजारी वैतागलेत’ हे सांगून जातात. शित्झूचे पालक येतात ते डोळा, कान, केसांच्या गुठळ्या आणि गरमीत लागलेली धाप घेऊन. प्रत्येक जातीची अशी एक नाजूक बाजू असते आणि ती पुढची बारा-चौदा वर्षं रोज सांभाळावी लागते. कोणती बाजू तुमच्या घरात नीट सांभाळली जाईल, हे एकदा कळलं की निवड जवळजवळ झालीच.

ही नाजूक बाजू आली कुठून, हे थोडं समजून घ्या, म्हणजे स्वभावही कळेल. पोमेरेनियन हा स्पिट्झ कुळातला. टोकदार कान, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी, थंडीसाठी दुहेरी केस. आजच्या पोलंड आणि जर्मनीत विभागलेल्या, बाल्टिक समुद्रकाठच्या पोमेरेनिया प्रदेशावरून त्याला नाव मिळालं. त्याचे पूर्वज चांगले थोराड, राखण करणारे कुत्रे होते. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सहून एक छोटा पॉम आणला आणि त्यानंतर लहान आकाराची हौस वाढत गेली. आज अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार पॉमचं वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. शरीर आक्रसलं, पण राखणीची वृत्ती तशीच राहिली. लिफ्टचं दार वाजलं, जिन्यात पाऊल वाजलं, की तो खबर देणारच.

शित्झूचं मूळ तिबेटी कुत्र्यांत आहे. ते चीनच्या राजदरबारात पोचले आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या फक्त सोबतीसाठी वाढवले गेले. राखण, शिकार, गुरं वळणं यातलं काहीच त्याच्याकडून कुणी मागितलं नाही. माणसाजवळ बसायचं, हेच त्याचं काम. अमेरिकन केनेल क्लबने या जातीला १९६९ मध्ये मान्यता दिली. वजन ९ ते १६ पौंड, म्हणजे ४ ते ७ किलोच्या आसपास. तिथे दोघांनाही ‘टॉय’ म्हणजे छोट्या जातींच्या गटात धरलं जातं खरं, पण भरलेला शित्झू पॉमच्या दुप्पट वजनाचा असतो. हाडानेही तो दणकट. फोटोत हा फरक दिसत नाही, हातात घेतल्यावर लगेच कळतो.

तुमच्या घरासाठी हाच फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण घरात सहा वर्षांचा मुलगा आहे.

लहानग्या जातींत एक अपघात मी पुन्हापुन्हा बघतो. मूल पिल्लाला कडेवर घेतं, पिल्लू वळवळतं, निसटतं आणि पुढच्या पायांवर आदळतं. किंवा स्वतःच सोफ्याच्या पाठीवरून उडी मारतं. मनगटाच्या थोडं वर दोन हाडं असतात, ती पॉममध्ये माझ्या करंगळीपेक्षा बारीक असतात, आणि दोन्ही एकदम मोडतात. अंगठ्याएवढ्या एक्स-रेवर तो तुकडा वाकडा झालेला दिसतो. अडचण पुढे असते. लहान जातींत त्या जागी रक्तपुरवठा मुळात कमी असतो, त्यामुळे नुसतं प्लास्टर घालून हाड बरेचदा जुळत नाही. प्लेट आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया करावी लागते, मग काही आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती, आणि कधीकधी इतकं करूनही हाड उशिरा भरतं. शित्झूचं हाड मोडतच नाही असं नाही. पण पाच-सहा किलोचं, आखूड पायांचं ते अंग मुलाच्या हातून सहज उचललंच जात नाही, तिथेच निम्मा धोका टळतो.

कोणतीही जात आणा, एक नियम पहिल्या दिवसापासून घाला: मुलाने कुत्र्याला उचलायचं नाही. मुलगा जमिनीवर मांडी घालून बसेल, पिल्लू हवं तर त्याच्या मांडीवर येईल. ते उठून गेलं तर त्याच्या मागे धावायचं नाही. जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही. सहा वर्षांचं मूल हे शिकतं, पण शिकवणारं मोठं माणूस शेजारी लागतं. पॉम घेतलात तर ही पहारेदारी फार कडक ठेवावी लागेल. शित्झूत चुकायला थोडी जागा मिळते. मुलगा बारा वर्षांचा असता तर मी यावर एवढा जोर दिला नसता.

गुडघ्याच्या वाटीचं दुखणं दोन्ही जातींत आढळतं, पॉममध्ये अधिक. चालता चालता कुत्रं मागचा एक पाय उचलतं, तीन पायांवर दोन-चार उड्या घेतं, पाय झटकतं आणि पुन्हा काही झालंच नाही असं चालू लागतं. पालकांना ती मस्ती वाटते. खरं तर वाटी आपल्या खाचेतून बाजूला सरकून परत बसलेली असते. याच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीला वजन आटोक्यात ठेवून आणि गुळगुळीत फरशीवर मॅट टाकून भागतं, तिसऱ्या-चौथ्या पायरीला सहसा शस्त्रक्रिया लागते. त्या उड्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात आलं की कुत्रं हमखास सरळ चालतं.

भुंकण्याबद्दल. पॉमचं भुंकणं कमी करता येतं, बंद करता येत नाही. शिकायला तो अतिशय चलाख, शित्झूपेक्षा कितीतरी पटकन शिकतो. दारावरची बेल वाजली की चटईवर जाऊन बसायचं आणि खाऊ मिळवायचा, हे दोन-तीन आठवड्यांच्या नियमित सरावाने जमतं. पण सराव घेणारं माणूस हवं, आणि दिवसभरात त्याच्या डोक्याला काही काम हवं. वीस-तीस मिनिटं फिरणं, खाऊ शोधायचे खेळ, एखादी नवी युक्ती. हे मिळालं नाही तर तो स्वतःसाठी काम शोधतो, आणि खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकणं हे त्याला सगळ्यात आवडलेलं काम असतं. सासूबाईंना दुपारी झोप लागते का, आणि आवाजाने त्यांना त्रास होतो का, हे त्यांनाच विचारा. दिवसातला सगळ्यात जास्त वेळ कुत्रा त्यांच्याबरोबर असणार आहे, म्हणून त्यांचं मत मी निर्णायक धरेन.

शित्झू सहसा शांत. दोन छोटे फेरे आणि थोडा खेळ एवढ्यावर खूश. शिकवताना मात्र हट्टी वाटेल. शी-शूची सवय लागायला दोन्ही जाती वेळ घेतात, शित्झू जरा जास्तच. मूत्राशय छोटं असतं, त्यामुळे पिल्लाला उठल्याबरोबर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर ठरलेल्या जागी न्यावं लागतं आणि तिथे झाल्यावर लगेच खाऊ द्यावा लागतो. नको तिथे झालं तर रागावून काही साधत नाही. फक्त ते तुमच्यासमोर न करता पलंगाखाली जाऊन करायला शिकतं. सासूबाईंना वाकून पुसणं जमणार नसेल तर पहिले चार-सहा महिने शी-शूचं पॅड उंबऱ्याजवळ नाही, पिल्लाच्या झोपायच्या जागेच्या आसपास ठेवा. आणि एक घुंगरू पिल्लाच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा. पायात पायात येणाऱ्या छोट्या कुत्र्याला अडखळून वयस्क माणसं पडतात, दुखऱ्या गुडघ्यांच्या घरात याची काळजी घ्यायलाच हवी.

आता शित्झूची नाजूक बाजू, आणि ती हलकी नाही.

चपटं तोंड गोड दिसतं, पण त्या चपटेपणात डोळ्यांची खोबण उथळ झालेली असते. डोळा पुढे आलेला, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, काही शित्झू तर डोळे अर्धवट उघडे ठेवूनच झोपतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्यावर केस घासतात, आणि एखाद्या ओरखड्यातून जखम होते. कुत्रं एक डोळा बारीक करून बसतं, पंजाने चोळतं, डोळा लाल होतो, पाणी येतं. असा डोळा दिसला की मी पहिल्यांदा त्यावर फ्लुरेसिन नावाच्या नारिंगी रंगाचा थेंब टाकतो, पाण्याने धुतो, खोलीतला दिवा घालवून निळा उजेड मारतो. शाबूत पडद्याला तो रंग धरत नाही. जिथे जखम आहे तेवढीच जागा हिरवी चमकते. कधी टाचणीच्या टोकाएवढी, कधी अर्धा डोळा व्यापणारी. सकाळी टाचणीएवढी असलेली जखम चिघळली तर दोन दिवसांत पडद्याला भोक पाडू शकते. म्हणून शित्झूने डोळा बारीक केला की त्याच दिवशी दवाखाना. घरात उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यात जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. माणसांसाठी लिहून दिलेले थेंब तर मुळीच नाही.

काही शित्झूंमध्ये अश्रूच कमी तयार होतात. कागदाची एक पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवून ते मोजता येतं. निरोगी डोळ्यात ती साधारण १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त ओली होते. डोळ्यात सतत चिकट, पिवळट घाण साठत असेल तर ही तपासणी करून घ्या. औषध आयुष्यभर घालावं लागतं, पण त्याने कुत्रं आरामात राहतं. आणि शित्झूला मानेची कातडी धरून कधीही उचलू नका, भांडणारी कुत्री सोडवतानाही नाही. डोळ्यांभोवतीची कातडी ताणली जाऊन डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

दुसरी गोष्ट श्वास. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो, आणि त्यासाठी हवेचा रस्ता मोकळा लागतो. आखूड नाकाच्या कुत्र्यांत नाकपुड्या अरुंद असतात, घशातला मऊ टाळू लांब असतो, आणि हवा आत खेचायलाच जोर लागतो. शित्झूत हा त्रास पग किंवा फ्रेंच बुलडॉगइतका सरसकट नसतो, पण असतो. घोरणं गोंडस वाटतं, तरी जागेपणीही घरघर येत असेल, थोडं चाललं की बसकण मारत असेल, तर ते तपासून घ्यायचं दुखणं आहे. गरम हवेत फिरणं पहाटे आणि उशिरा संध्याकाळी. बंद गाडीत पाच मिनिटंही नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ गडद लाल, घट्ट लाळ, झोकांड्या दिसल्या तर आधी नळाच्या गार पाण्याने अंग भिजवा, पंख्याखाली धरा, आणि गार करत करतच दवाखान्यात आणा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते.

पॉमचं नाक लांब असल्याने त्याची धाप अधिक कामाची असते. त्याचं दुखणं श्वासनलिकेत. नळीच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात, नळी चपटी होते, आणि उत्तेजित झालं किंवा गळ्याला ओढ बसली की बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येतो. गळपट्टा फक्त नावाच्या बिल्ल्यासाठी ठेवा, दोरी कायम छातीच्या हार्नेसला लावा. वजन वाढू देऊ नका आणि घरात कुणी धूम्रपान करत असेल तर कुत्र्याजवळ नको. एवढ्याने बहुतेक पॉम वर्षानुवर्षं ठीक राहतात.

केसांबद्दल लोक उलट समजून चालतात. पॉमचा पिसारा बघून वाटतं याला फार राखावं लागेल, पण पॉमला आठवड्यातून दोन-तीनदा मुळापर्यंत ब्रश पुरतो. तो केस मात्र गाळतो. वर्षातून एक-दोन वेळा आतला मऊ थर मुठी-मुठीने निघतो. गाळतो म्हणून, किंवा गरम होत असेल म्हणून, त्याला मशीनने भादरू नका. स्पिट्झ कुळातल्या कुत्र्यांचे भादरलेले केस काही वेळा महिनोन्‌महिने येत नाहीत, आले तर वेगळ्याच पोताचे येतात. चार ते आठ महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस गळून ते ओढलेलं, उंदरासारखं दिसायला लागतं. घाबरू नका, मोठेपणीचे केस येतात. मोठ्या पॉममध्ये खाज नसताना दोन्ही बाजूंचे केस जाऊन कातडी काळी पडायला लागली तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा तपासून घ्या.

शित्झू केस फारसे गाळत नाही, त्याचे केस वाढत राहतात. गळलेला केस जमिनीवर न पडता इतर केसांत अडकतो आणि गुंता होतो. कानामागे, काखेत, जांघेत आणि हार्नेस घासतो तिथे. वरून कुत्रं मऊ दिसतं आणि खाली कातडीलगत नमदा तयार झालेला असतो. त्याखाली ओल धरते, जखमा होतात, चालताना प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. विंचरायची पद्धत शिकून घ्या. कुत्र्याला मॅट टाकलेल्या टेबलावर ठेवा, म्हणजे वाकावं लागत नाही. एका हाताने केस वर धरा, खालची एक ओळ कातडी दिसेल अशी सोडा, टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे या, मग पुढची ओळ. शेवटी धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला, तरच विंचरून झालं. गुंता सोडवल्याशिवाय आंघोळ घालू नका, पाण्याने तो घट्ट आवळतो. दहा-बारा महिन्यांच्या वयात पिल्लाचे केस बदलतात, तेव्हा काही आठवडे रोज गुठळ्या होतील. बरीच माणसं नेमकी तेव्हा हात टेकतात.

तुम्ही दोघं नोकरी करता, म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: शित्झू घेतलात तर जमिनीवर लोळणारे लांब केस ठेवू नका. चार ते सहा आठवड्यांनी सगळ्या अंगाचे केस एक-दोन इंचांवर कापून घ्या, डोळ्यांसमोरचे त्याहून आखूड. मग रोजचं काम दहा मिनिटांवर येतं. चेहरा ओल्या कापसाने पुसणं, डोळे बघणं, कानाचा वास घेणं, कंगवा फिरवणं. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, त्यामुळे आंबट वास, तपकिरी मळ किंवा डोकं झटकणं दिसलं की कान तपासून घ्या. हे काम सासूबाई टेबलाशी खुर्चीत बसून करू शकतील, आणि मुलगा शेजारी उभा राहून खाऊ भरवू शकेल.

घरात कुणाला ॲलर्जी असेल तर ‘शित्झू केस गाळत नाही म्हणून चालतो’ या बोलण्यावर जाऊ नका. ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची, ती सगळ्याच कुत्र्यांत असतात. आणायच्या आधी त्या माणसाने अशा कुत्र्याबरोबर दोन-तीनदा चांगला वेळ घालवून बघावा.

दातांसाठी दोघांतही सारखंच सांगतो. बेचाळीस दात छोट्याशा जबड्यात दाटीने बसतात, कीट लवकर चढतं, हिरड्या सुजतात. कुत्र्यांच्या पेस्टने रोज ब्रश करा, माणसांची पेस्ट चालत नाही. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे पक्क्या सुळ्यांशेजारी उभे असतील तर नसबंदीच्या भुलीतच ते काढून घेता येतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देताना आणि शुद्धीवर आणताना जास्त देखरेख लागते, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

खाण्यात घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. अडीच किलोच्या, नसबंदी झालेल्या पॉमला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. वीस ग्रॅम चीजच्या तुकड्यात सुमारे ८० असतात. मुलाने एक तुकडा आणि आजीने एक तुकडा दिला की जेवणाला जवळजवळ जागाच उरत नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेली च्युइंगम कुत्र्यांना विषारी आहेत, आणि एवढ्या छोट्या अंगाला थोडंसंही पुष्कळ होतं. पॉमचं पिल्लू आणलंत तर पहिले काही महिने दिवसातून चार वेळा खायला द्या. छोटं पिल्लू उपाशी राहिलं की रक्तातली साखर झरकन उतरते. ते लुळं पडलं, थरथरू लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच निघा. दिवसभर दोघं बाहेर असलेल्या घरात हे सांभाळणं सासूबाईंवर येणार.

पिल्लू बघायला जाल तेव्हा घाई करू नका. आई तिथेच असेल आणि ती माणसांजवळ निर्धास्त येत असेल, तरच पुढे जा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, आणि या आकारात मला दहा-बारा आठवडे अधिक बरे वाटतात. ‘टीकप’, ‘मायक्रो’, ‘इम्पीरियल’ असं सांगून कुणी अधिक पैसे मागितले तर उठून या. अशी कुठलीही मान्यताप्राप्त जात नाही. ती अतिलहान पिल्लं असतात आणि वर सांगितलेला प्रत्येक त्रास त्यांना अधिक होतो. करड्या-निळ्या ठिपक्यांच्या, मर्ल रंगाच्या पॉमचं कौतुक चालू आहे. दोन मर्ल कुत्र्यांच्या जोडीतून बहिरी-आंधळी पिल्लं जन्मू शकतात, त्यामुळे आई-बाप दोघांचा रंग बघा. शित्झूचं पिल्लू सतत पाणी पितं, सारखं लघवी करतं आणि भावंडांपेक्षा खुरटलेलं आहे, असं दिसलं तर मूत्रपिंडाची तपासणी झाल्याशिवाय घेऊ नका, या जातीत मूत्रपिंडं जन्मतः अपुरी वाढलेली असू शकतात. घेतल्यावर दोन दिवसांत डॉक्टरांकडून हृदयाचे ठोके, गुडघे, टाळू आणि डोळे तपासून घ्या.

आणखी एक पर्याय आहे, जो तुम्ही विचारलेला नाही. कुणाला परदेशी जावं लागलं, कुणाच्या घरी आजारपण आलं, म्हणून तीन-चार वर्षांचे शित्झू आणि पॉम नव्या घराच्या शोधात असतात. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव, आकार, गुडघे, श्वास, सगळं समोर दिसतं. शी-शूची सवय लागलेली असते. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, दिवसभर एकच वयस्क माणूस घरी असलेल्या कुटुंबाला मी हा पर्याय मनापासून सुचवतो. तो मुलांबरोबर राहिलेला आहे का, एवढं मात्र नीट विचारा.

तर तुमच्या घरासाठी माझं मत शित्झूच्या बाजूने आहे. मुलाचं वय आणि सासूबाईंची दुपार, ही दोन कारणं त्यासाठी पुरेशी आहेत. पॉमची नाजूक बाजू तुमच्या घरात नेमकी दिवसभर उघडी पडेल, आणि शित्झूची बाजू दहा मिनिटांच्या रोजच्या कामात आणि गरमीतल्या काळजीत सांभाळता येईल. मुलाची समजूत घालताना त्याला पॉम बघायला घेऊन जा आणि शित्झूही. जमिनीवर बसवा, दोन्हींशी खेळू द्या. बहुतेक मुलांचा हट्ट फोटोतल्या कुत्र्याचा असतो, समोरच्या कुत्र्याने तो बदलतो.

माझ्या मताला एक अट आहे. शित्झू पिल्लू निवडताना त्याच्या नाकाकडे समोरून बघा. पिल्लू शांत असताना दोन्ही नाकपुड्यांचं भोक उघडं, गोलसर दिसायला हवं. नुसती उभी फट दिसत असेल, श्वास घेताना ती आणखी आत ओढली जात असेल, किंवा तोंड मिटलेलं असताना सूं-सूं आवाज येत असेल, तर ते पिल्लू घेऊ नका, कितीही आवडलं तरी. मग पाच-दहा मिनिटं त्याला भावंडांबरोबर खेळू द्या आणि पुन्हा श्वास ऐका. आईचाही ऐका. त्या वेतात एकही पिल्लू मोकळा श्वास घेताना दिसलं नाही, तर पुढच्या वेताची किंवा दुसऱ्या घरच्या पिल्लांची वाट बघा. दोन-चार महिने गेले तरी चालतील.